पैलवानाची थंडाई आणि १५० नॅनोग्रॅम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न असा असतो: "अमेरिकेत बास्केटबॉलवाल्यांना गांजा चालतो, मग बाकीच्या खेळाडूंवर बंदी कशाला?" माझं मत स्पष्ट आहे. स्पर्धा नसताना घेतलेल्या गांजापायी कुणाचं पदक जाऊ नये. नशेत मैदानात उतरणाऱ्याला मात्र रोखलंच पाहिजे. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, हा फरक कागदावर मानते. तिची चाचणी तो ओळखू शकत नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

नियमाने गांजा फक्त स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. हा काळ साधारणपणे स्पर्धेच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो आणि खेळ आटोपून नमुना दिला की संपतो. नशा आणतो तो टीएचसी. प्रयोगशाळा लघवीत शोधते ते शरीराने टीएचसी मोडल्यावर उरणारं कार्बॉक्सी-टीएचसी. त्याने नशा येत नाही. मर्यादा आहे मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅम, आणि मोजमापातली चूक धरून १८० च्या पुढे गेलं तर नमुना पॉझिटिव्ह ठरतो. २०१३ पूर्वी हीच मर्यादा १५ होती. दहापट सैल केली, हे योग्यच झालं. पण टीएचसी चरबीत मुरतो आणि तिथून सावकाश सुटतो. क्वचित ओढणारा लवकर मर्यादेखाली येतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश कित्येक आठवडे सापडू शकतात. म्हणजे आकडा सांगतो की गांजा शरीरात गेला होता. शर्यतीच्या वेळी डोकं ठिकाणावर होतं की नाही, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेची धावपटू शा'कॅरी रिचर्डसन हिचं प्रकरण याच फटीतलं. जून २०२१ मध्ये ऑरेगनमधल्या युजीनला ऑलिंपिक निवड चाचणीत तिने १०० मीटर १०.८६ सेकंदांत जिंकली. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी कळल्यावर तिने गांजा घेतला होता, आणि त्या राज्यात प्रौढांना तो कायद्याने खुला आहे. २०२१ पासूनच्या नियमानुसार, स्पर्धेबाहेर आणि कामगिरीशी संबंध नसताना घेतला असं सिद्ध झालं तर बंदी ३ महिन्यांची होते. उपचार-समुपदेशन पूर्ण केलं तर १ महिन्याची. तिला तो १ महिनाच मिळाला, २८ जूनपासून. म्हणजे टोकियोतल्या १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांआधी, ३० जुलैपूर्वीच, बंदी उठलेली होती. तरी ती तिथे धावली नाही, कारण निवड चाचणीतला तिचा निकालच पुसला गेला. बंदी कितीही छोटी असो, त्या स्पर्धेतला निकाल जातोच. आपल्याकडे "महिनाभराचीच तर शिक्षा" म्हणणारे हे विसरतात.

एखादा पदार्थ निषिद्धांच्या यादीत घालायला वाडाचे तीन निकष आहेत: कामगिरी वाढते का, प्रकृतीला धोका आहे का, खेळभावनेला बाधा येते का. तिघांपैकी दोन पुरतात. २०२२ मध्ये फेरविचार होऊन गांजा यादीत राहिला तो मुख्यतः शेवटच्या दोन निकषांवर. हे मला पटत नाही. दारू २०१८ मध्ये यादीतून पूर्ण निघाली. तिने प्रकृती सुधारते असं थोडंच आहे? अमेरिकेतली बास्केटबॉल लीग एनबीए, तिने २०२३ च्या करारात गांजाची चाचणीच काढून टाकली, तिथल्याच बेसबॉल लीगने, एमएलबीने, २०१९ मध्येच तो अमली पदार्थांच्या यादीतून वगळला.

पण "मग पूर्ण मोकळीक द्या" हेही चूक. टीएचसीने नाडीचे ठोके वाढतात, प्रतिक्रियेला उशीर होतो, अंतराचा आणि वेळेचा अंदाज चुकतो. बॉक्सिंग, सायकलिंग, मोटारशर्यत यांत हा उशीर दुसऱ्याच्या जिवावर येतो. तिथे स्पर्धेच्या दिवशी रक्त किंवा लाळ तपासून खुद्द टीएचसी बघावा. लाळ-रक्ताची चाचणीही नशेचं अचूक माप नाही, तरी ताजं सेवन ती लघवीपेक्षा कितीतरी बरं दाखवते.

आता आपल्या तालमीतलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहते आणि तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. प्रयोगशाळेला हा भेद ठाऊक नाही. पानातही टीएचसी असतोच. शिवाय प्यायलेली भांग उशिरा चढते, तासभर काही जाणवत नाही म्हणून माणूस दुसरा पेला घेतो, आणि लघवीतला आकडा तसा वाढतो. महाशिवरात्र, होळी आणि कुस्त्यांचा हंगाम एकमेकांना लागून असतात. पैलवानाची रोजची थंडाई बदाम, मगज, मिरी, बडीशेप, खसखस यांची, तिच्यात भांग नसते. पण उत्सवात बाहेर मिळालेला पेला कुणी घोटला ते माहीत नसेल तर तोंडाला लावू नये. खसखशीचंही भान हवं. तिच्यावर मॉर्फिनचे अंश असू शकतात आणि मॉर्फिनही स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. स्पर्धेच्या आठवड्यात थंडाई खसखशीवाचून वाटावी.

दुसरी फसगत "विजया" नावाची. हे भांगेचंच आयुर्वेदातलं नाव. झोपेसाठी, सांधेदुखीसाठी विजयाचं तेल आणि गोळ्या मिळतात. आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, या समजुतीने खेळाडू घेतो आणि अडकतो. सीबीडी, म्हणजे याच वनस्पतीतला नशा न आणणारा घटक, २०१८ पासून निषिद्ध नाही, पण वनस्पतीच्या पूर्ण अर्कात त्याच्याबरोबर टीएचसीही उतरतो. लेबलावर "टीएचसी नाही" छापलंय म्हणून ते खरं असेलच असं नाही. कृत्रिम कॅनाबिनॉइडना, म्हणजे टीएचसीसारखा परिणाम करणाऱ्या प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनांना, तर १५० ची सवलतही नाही, अंश सापडला तरी प्रकरण उभं राहतं.

नमुना द्यायची वेळ आली तर किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. ती 'अ' आणि 'ब' बाटल्यांत तुमच्यासमोर भरली जाते. बाटल्यांवरचे आणि अर्जावरचे क्रमांक स्वतः जुळवा. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या पैलवानाची लघवी दाट असते. घाईने घटाघटा पाणी प्यायलात तर ती फार पातळ होते आणि पुन्हा नमुना द्यायला थांबावं लागतं, म्हणून बेताने प्या. अर्जात गेल्या ७ दिवसांतली औषधं आणि पूरक आहार विचारतात. तिथे तेल, गोळी, चूर्ण, काढा सगळं लिहा, आणि ज्या डब्यातलं घेतलंत तो डबा बॅच क्रमांकासकट जपून ठेवा.