एकच नाव गाणारा शाहीर

१ ऑगस्टला वाटेगावात पाय ठेवायला जागा नसते. अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. ट्रॅक्टर-टेम्पो भरभरून माणसं येतात, हलग्या कडाडतात, रात्री उशिरापर्यंत शाहिरी चालते. त्याच तारखेला तिकडं जमैकात सार्वजनिक सुट्टी असते. १८३८ साली १ ऑगस्टलाच तिथले गुलाम पुरते मोकळे झाले. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांचे वंशज ते, आणि त्यांना राबवलं होतं मुख्यतः उसाच्या मळ्यांत. मला हे कळलं ते विन्स्टन रॉडनी या गायकामुळं. जग त्याला बर्निंग स्पिअर म्हणतं. केनियाचे नेते जोमो केन्याटा यांना हे बिरुद होतं, ते त्यानं आपल्यासाठी घेतलं.

मी वाळवा तालुक्यातला. साखर कारखान्याच्या शेती खात्यात स्लिपबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा आहे. हंगाम सुरू झाला की दिवस उसात जातो: कुणाची तोड आली, कुठली टोळी कुठं लावायची, गाडी कधी भरणार. संध्याकाळी मामांच्या शाहिरी पथकात ढोलकी वाजवतो. लहान होतो तेव्हा झील धरायचो. शाहिरानं ओळ टाकली की मागून ‘जी जी’ करत ती उचलून धरायची, एवढंच काम, पण ते नेमकं जमलं नाही तर पोवाडा जागेवर बसतो. धाकटा भाऊ सांगलीला हॉस्टेलवर होता, त्यानं एकदा मेमरी कार्ड भरून रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, आणलं. बॉब मार्ले तर त्यात होताच, तो सगळ्यांना माहीत असतो. मी अडकलो ते स्पिअरच्या गाण्यांत, कारण तिथं मला झील ऐकू आली.

रॉडनी जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सेंट अॅन्स बे गावचा. मार्लेही त्याच परगण्यातला, डोंगरातल्या नाइन माइलचा. १९६९च्या सुमारास दोघांची वाटेत गाठ पडली. मार्ले आपल्या शेताकडं निघाला होता, सोबत गाढव, बादल्या, लावायची रोपं, हातात कोयता. रॉडनीनं विचारलं, मला गायचंय, कुठं जाऊ? मार्ले म्हणाला, स्टुडिओ वनला जा. किंग्स्टनचा कॉक्सन डॉडचा हा स्टुडिओ तेव्हा जमैकन संगीताची शाळाच होता. रॉडनी गेला आणि १९६९मध्येच त्याचं पहिलं गाणं निघालं. सोबतीला रुपर्ट विलिंग्टन होता, पुढं डेलरॉय हाइंड्स आला, आणि तिघांचं पथक झालं. पुढची चार-पाच वर्षं त्यानं स्टुडिओ वनसाठी गाणी केली. दोन अल्बम झाले, पण पोट भरावं असं काही झालं नाही. याच १९६९च्या जुलैत इकडं अण्णाभाऊ गेले होते.

मग १९७५. शेजारच्या ओचो रिओसचा जॅक रूबी आपली साउंड सिस्टीम चालवायचा. भल्यामोठ्या स्पीकरांच्या भिंती लावून मैदानात गाणी वाजवायची, ही तिकडची जुनी रीत. आमच्याकडच्या डीजेवाल्यांना ती वेगळी सांगायला नको. मार्कस गार्वी या जमैकन पुढाऱ्यावरचं ‘मार्कस गार्वी’ हे गाणं आधी फक्त रूबीच्या साउंड सिस्टीमवर वाजवण्यासाठीच ध्वनिमुद्रित केलं होतं. मैदानातली माणसं असा काही प्रतिसाद देऊ लागली की त्याची रेकॉर्ड काढावीच लागली. वर्षअखेर त्याच नावाचा अल्बम आयलँड या रेकॉर्ड कंपनीनं जगभर नेला. ड्रमवर लेरॉय वॉलेस, बासवर रॉबी शेक्सपिअर आणि अॅस्टन बॅरेट, ट्रंपेटवर बॉबी एलिस. या माणसांनी जे वाजवलंय, त्यावर मी ढोलकीवाला म्हणून रात्रभर बोलू शकतो.

एवढंच सांगतो. आपण समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी जगतो. सगळी लय फिरून समेवर यावी आणि थाप पडावी, हे हाताच्या हाडांत मुरलेलं असतं. रूट्स रेगेतल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांतली पहिलीच मोकळी सोडतात. ड्रमचा मुख्य घाव तिसरीवर येतो, गिटार दुसरी आणि चौथी छाटत जाते, आणि बास या सगळ्यांच्या खालून स्वतंत्र चाल गात असते. पहिल्यांदा ऐकताना हात आपोआप समेवर जायचा आणि तिथं कुणीच नसायचं. हळूहळू कळलं की त्या मोकळ्या जागेत गायकाचा श्वास येतो. स्पिअर घाई करत नाही. दोन शब्द म्हणतो, थांबतो, पुन्हा तेच दोन शब्द म्हणतो. मागची दोघं ते उचलून धरतात. गुलामीच्या दिवसांवरच्या गाण्यात तर तो जवळजवळ एकच प्रश्न विचारत राहतो: आठवतात का ते दिवस? मारलं, राबवलं, वापरून घेतलं, आणि पुन्हा: आठवतात का?

पथकाच्या अॅम्प्लिफायरवर मी हे मामांना ऐकवलं. मामा डोळे मिटून ऐकत होते.

“सारखं एकच नाव घेतोय न्हवं ह्यो?”

“व्हय मामा. मार्कस गार्वी.”

“कोण त्यो?”

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. गार्वी त्याच सेंट अॅन्स बे गावचा, जन्म १७ ऑगस्ट १८८७चा. छापखान्यात काम शिकला. १९१४मध्ये काळ्या लोकांची संघटना काढली, पुढं न्यूयॉर्कला जाऊन ती लाखोंची केली, साप्ताहिक चालवलं. १९१९मध्ये गरिबांना शेअर विकून स्वतःची जहाज कंपनी उभी केली. ज्या माणसांना जहाजात साखळदंडांनी बांधून आणलं, त्यांच्याच मालकीची जहाजं! कंपनी बुडाली. १९२३मध्ये टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपात त्याला शिक्षा झाली, तुरुंग झाला, १९२७मध्ये अमेरिकेनं हाकलून दिलं. १९४० साली लंडनमध्ये तो वारला. पार्थिव मायदेशी यायला १९६४ उजाडलं. जमैकानं त्याला राष्ट्रवीर मानलं, तरी अकरा वर्षांनी त्याच्याच गावचा गायक म्हणतोय की म्हाताऱ्या गार्वीची कुणाला आठवण राहिलेली नाही.

मामा म्हणाले, “मग घिऊ दे की नाव. आमी नाना पाटलांचं घेत न्हाई का?”

मामांची हयात क्रांतिसिंहांचा पोवाडा गाण्यात गेली. येडेमच्छिंद्र, कुंडल, पत्रीसरकार, हे सगळं त्यांनी गावोगावच्या पारावर सांगितलंय. नवीन काही बसवा, असं त्यांना पोरं सांगतात. स्पिअरलाही टीकाकार हेच म्हणत आले: तेच विषय, तोच गार्वी, तीच गुलामी. मला ते पटत नाही. विसरणं रोज नव्यानं होत असतं, तर आठवण एकदाच करून कशी भागेल?

त्याच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेरची आहे. आयलँडनं तो १९७५चा अल्बम बाजारात आणताना मिक्सिंग बदललं, गोऱ्या श्रोत्यांच्या कानाला रुचावं म्हणून गाणी गुळगुळीत केली. रॉडनीला ते लागलं. त्यानं ‘स्पिअर’ हे स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. १९७६च्या अखेरीस तो रूबीपासून आणि दोन्ही साथीदारांपासूनही वेगळा झाला आणि १९७७पासून स्वतःच निर्मिती करू लागला. साथीदार सुटले याचं मला वाईट वाटतं. त्या तीन आवाजांसारखं पुन्हा काही झालं नाही, हे माझं प्रामाणिक मत. पण आपल्या गाण्याची लगाम आपल्या हातात हवी, यासाठी त्यानं जी किंमत मोजली ती मोजायची हिंमत फार थोड्या गायकांत असते. १९७८च्या ‘रॉकर्स’ चित्रपटात तो रात्री समुद्राकाठी बसून एकाही वाद्याशिवाय गातो. ते पाहिल्यावर कळतं की या माणसाला कंपनीची गरज नव्हती.

पुढचं भराभर सांगतो. १९८०मध्ये मार्लेच्या टफ गाँग स्टुडिओत अॅस्टन बॅरेटबरोबर त्यानं ‘हेल एच.आय.एम.’ हा अल्बम केला. मला तो १९७५च्या अल्बमइतकाच आवडतो. नंतर दौरे, न्यूयॉर्कला मुक्काम, २००० आणि २००९मध्ये ग्रॅमी हा संगीताचा पुरस्कार. दुसरं ग्रॅमी त्याच्या स्वतःच्या कंपनीनं काढलेल्या अल्बमला होतं, हे विसरू नका. २००७मध्ये जमैका सरकारनंही सन्मान केला. मधे काही वर्षं थांबला, आणि २०२३मध्ये ‘नो डिस्ट्रॉयर’ हा अल्बम घेऊन परत आला.

गावात काहीजण विचारतात, तुला त्या लांबच्या लोकांचं काय पडलंय? वाटेगावच्या अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तेव्हा ते शहर त्यांनी कुठं पाहिलं होतं? आणि ऊस तर माझ्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे. बीडकडून आलेल्या टोळ्या पहाटे अंधारात तोडीला लागतात, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, बायका बाळाला पाचटावर निजवून मोळ्या वाहतात. ही गुलामी आहे असं मी म्हणणार नाही, तो शब्द तिकडच्या माणसांनी फार मोठं मोल देऊन कमावलाय. पण गुलामीच्या दिवसांवरचं ते गाणं मी फडाच्या बांधावर ऐकतो तेव्हा ते लांबचं राहत नाही.

ऐकायचं असेल तर १९७५च्या अल्बमपासून सुरू करा. त्याचीच डब आवृत्ती ‘गार्वीज घोस्ट’ लगोलग ऐका. तिच्यात गायकी मागं सरते आणि बास-ड्रमचं काम उघडं पडतं. वाजवणाऱ्यांनी तर ती ऐकाच. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बास येतच नाही आणि बास गेला की निम्मं गाणं गेलं. मंडळाचा बॉक्स मागून आणा. आणि रूबीच्या मैदानात वाजलेला तो पहिला, कंपनीचा हात न लागलेला मिक्स सांगली-मिरजेत कुणाच्या संग्रहात असेल तर कृपा करून कळवा, मी आणि मामा दोघंही यायला तयार आहोत.