लातुरात बाग आणि मे महिन्यात ओव्हन: तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही बाग कसली करता? त्यात उन्हाळ्यात ओव्हन लावता?" लग्नात, वास्तुशांतीला, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडून, लातूरचं नाव निघालं की हे येतंच. इतकी वर्षं "आवड हो" म्हणून मी हसून सोडून द्यायचे. आता एकदा काय ते सांगून टाकते.

आधी ते वाळवंट-वाळवंट म्हणणं थांबवा. जैसलमेरला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस होतो. आमच्याकडे बऱ्या वर्षी ७००च्या वर जातो. पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो, खाली काळा पाषाण, मुरणार कुठे? मग मार्चपासून टँकर. एवढं तुम्हाला माहीत आहेच.

आणि बाग म्हणजे काही लॉन नव्हे. लिंबोणी, कढीपत्ता, शेवगा, मोरीच्या तोंडाशी अळू. प्रत्येक झाडाला खोल आळं आणि त्यात वीतभर उसाचं पाचट. भर दुपारी पाचट उचलून खाली हात घातला की माती गार लागते. दोन पावलांवर उघड्या जमिनीला बोटं जातील एवढ्या भेगा, आणि इथे ओल! हे बघायला मी दिवसातून उगाचच चार वेळा परसात जाते. झाडांना तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी. साबणाचं नाही, काळी माती त्यानं चिवट होते आणि पुढे चांगलं पाणीही आत घेत नाही.

पूर्वी मी ठणकावून म्हणायचे, की माझ्या लिंबोणीच्या पाण्याचा हिशेब मागता, तो आधी जिल्ह्यातल्या उसाकडे मागा. अजूनही ते खोटं नाही. पण आता जरा जपून म्हणते. पाचट आमच्या दिरांच्या उसाचं, आणि ओव्हन आला तोही कारखान्याच्या उसाच्या बिलातूनच.

ओव्हनचं म्हणाल तर उन्हाळा त्याला वैरी आहे आणि सोबतीही. ४२ अंशात तूप डब्यातच तेल होऊन बसतं, आणि पातळ तुपाची नानकटाई पसरून पापडासारखी होते. म्हणून तुपाचं भांडं रात्रभर माठाला टेकवून ठेवायचं, पहाटे रवाळ झालं की फेटायचं आणि ऊन चढायच्या आत भट्टी आटपायची. पावाच्या पिठात यीस्ट निम्मं, पाणी माठातलं, नाहीतर पीठ बघता बघता फुगून आंबूस होतं. वरून ओलं फडकं हवंच. इथली कोरडी हवा उघड्या पिठावर लगेच पापुद्रा धरते. पण तीच हवा बिस्किटांना काय मानवते! शाळूचं पीठ आणि कणीक निम्मी-निम्मी घ्यायची. शाळूला चिकटपणा नाही, त्यामुळे बिस्कीट जिभेवर भुगा होतं. डब्याचं झाकण उघडं राहिलं तरी मे महिन्यात ते मऊ पडत नाही. रत्नागिरीची माझी बहीण घट्ट डब्यात ठेवूनही हे सुख मिळवू शकत नाही. (तिला फणस आहेत. असोत.)

आता २०१६. मार्चात टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे, जलदूत, आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. टीव्हीवाले स्टेशनात, आणि आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. घरात पत्रावळीवर जेवत होतो, ताटं घासणार कशानं? तुम्हाला पटायचं नाही, पण त्याच उन्हाळ्यात मी सगळ्यात जास्त बिस्किटं भाजली. वरण-भाताला पाणी लागतं, बिस्किटाला थेंबही नाही. परात कोरड्या पिठानं चोळून पुसली की झालं.

झाडांना मात्र सगळ्यांना पुरेल एवढं सांडपाणीही निघेना. परसात सासूबाईंनी लावलेला मोगरा होता, त्यांच्या माहेरच्या रोपाचा. मी ठरवलं: लिंबोणी जगवायची, मोगरा सोडायचा. लिंबू खाता येतं, सरबत होतं, घराच्या उपयोगाचं. मोगरा काय, नुसता वास. हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या चूळ भरायला परसात जाऊ लागल्या. गुडघे धरत पायऱ्या उतरायच्या आणि मोगऱ्याच्या बुडाशी चूळ टाकायच्या. सकाळी, जेवल्यावर, चहानंतर. चुळीवर कुठे झाड जगतं का? मी बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. मेच्या मध्याला फांद्या काडकन मोडायला लागल्या. त्या दिवशी मी बिस्किटांसाठी लिंबाची साल किसत होते. दारातून बघून त्या म्हणाल्या, "तुझ्या बिस्किटाला साल लागती, म्हणून वाचली व्हय लिंबोणी."

मी भांडले. सरबताचं काढलं, मुलांना ऊन लागलं तेव्हाचं काढलं. सगळं खरं होतं. त्यांचं बोलणंही खरं होतं का? तुम्ही मला विचारता, ही चैन कशाला. तोच प्रश्न मी मोगऱ्याला विचारला होता, आणि उपयोग काय म्हणून त्याला सोडून दिलं होतं. माझ्या चैनीला तेवढं उपयोगाचं नाव सापडलं. तरीही दोन्हींतलं एकच जगवायचं असेल तर आजही मी लिंबोणीच जगवेन. निदान आज सकाळी तरी असंच वाटतंय. पावसाळ्याच्या शेवटी लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं, तोवर मोगऱ्याची मुळंही वाळली होती.

नवीन रोप आणू का, हे मी अधूनमधून विचारते. "आण की," म्हणतात, आणि जागा दाखवत नाहीत. माझी बिस्किटं मात्र आवडीनं खातात. फक्त साल घातलेलं बिस्कीट हातात घेऊन हुंगतात आणि बशीत परत ठेवतात, त्यामुळे मी दोन डबे भरते.