पन्नासावा बल्ब

मी साताऱ्यात बागांची कामं घेतो. गोडोलीला छोटी नर्सरी आहे आणि बाकी सगळं बंगल्यांच्या बागांचं काम, वाई, पाचगणी, मेढा, जिकडून फोन येईल तिकडे. हा प्रसंग २०२२ च्या दिवाळीतला. बरेच दिवस लिहायचं मनात होतं कारण घरोघरी फुलझाडांचे बल्ब, म्हणजे कांद्यासारखे कंद, मागवून लावणारी मंडळी आता खूप वाढलीयेत आणि मी केलेली चूक कुणाकडूनही होऊ शकते.

पाचगणीला एक काका-काकू आहेत, रिटायर्ड, बाग मीच बघतो. काकू काश्मीरला जाऊन आल्या आणि तिथली जांभळ्या फुलांची आयरिस, एक फुलझाड, त्यांच्या डोक्यात बसली. तिथे कबरस्तानांतूनसुद्धा मुद्दाम लावलेली असते ती. मला म्हणाल्या, तेवढी आपल्या अंगणात पाहिजे. आता ती काश्मीरची आयरिस म्हणजे बल्ब नव्हे, आल्यासारखा आडवा गड्डा असतो तिचा, तो अर्धा मातीच्या वर उन्हात राहिला पाहिजे आणि थंडी म्हणजे खरीखुरी कडक थंडी पाहिजे. पाचगणीच्या पावसात तो गड्डा पहिल्याच जुलैत सडणार हे मला दिसत होतं. म्हणून मी त्यांना डच आयरिस सुचवली. ही बल्बातून येते, फूलवाल्यांकडे बुकेमध्ये निळी पिवळी दिसते तीच. हॉलंडच्या हारलेममधल्या व्हॅन ट्युबर्गेन नर्सरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडच्या जातींचा संकर करून ती काढली. मूळ कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातलं असल्यामुळे फुलून झालं की बल्ब उन्हाळाभर कोरडा झोपतो. आपल्याकडे नेमका त्याच्या झोपेच्या वेळी धो धो पाऊस, तेव्हा मेअखेर काढून घरात ठेवायचा एवढंच पथ्य.

ब्लू मॅजिक जातीचे ६० मागवले. बल्ब आले की मी प्रत्येक हातात घेऊन बघतो, तिथे आळस करत नाही. वजनाला भरीव लागला पाहिजे, घेर ८ ते १० सेंटिमीटर तरी पाहिजे आणि अंगठ्याने बूड दाबून बघायचं, जिथून मुळं फुटतात ती चकती. ती मऊ लागली की बल्ब वरून कितीही देखणा असला तरी गेला, सड बुडातूनच सुरू होते. सालीवर जरा निळसर बुरशी असली तर पुसून टाकली की चालते. बारका बल्ब घेऊन पैसे वाया जातात कारण तो तीन पानं काढतो आणि थांबतो, चौथं पान आलं तर फुलाची आशा. ६० मधले १० मी बाजूला काढले आणि डायरीत लिहिलं, चांगले ५०. ती नोंद पुढे किती कामाला येणार होती याची तेव्हा कल्पना नव्हती.

आपल्याकडची थंडी उशिरा येते आणि थोडकीच, म्हणून हे बल्ब लावायच्या आधी सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, भाजीच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये अजिबात नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काकूंच्या पडवीतल्या जुन्या फ्रिजमध्ये कागदी पिशवीत घालून ठेवले. पिशवीवर मार्करने लिहिलं, आयरिस ब्लू मॅजिक, ५० नग, तारीख. इंग्रजीत लिहिलं. काकूंना सांगितलं, काकांना सांगितलं. भाऊबीज झाली की लावायला येतो म्हणालो आणि निघालो.

त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या मावशी गेली चौदा वर्षं आहेत. तो फ्रिज उघडणार त्याच. त्यांना मी काहीच सांगितलं नाही.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी सव्वा एकला काकूंचा फोन, आवाज कापत होता. काकांना उलटी झाली, घशाची आग आग होतेय, मावशी म्हणतात फ्रिजमधले छोटे कांदे भरले होते. माझ्या पोटात गोळाच आला.

झालं असं की आदल्या रात्री मुलगा-सून-नात पुण्याहून आले होते. फराळाचे डबे ठेवायला मावशींनी सकाळी तो फ्रिज रिकामा करून पुसून घेतला. कप्प्यात पाणी साठून पिशवी भिजून फाटली होती, आतले बल्ब त्यांना सुनेने पुण्याहून आणलेले सांबारचे कांदे वाटले, सून दर वेळी आणतेच. वाया जायला नकोत म्हणून त्यांनी ते टोपलीत पसरून वारा लागायला ठेवले आणि त्यातले थोडे सोलून दाण्याचं कूट, खोबरं, कांदा-लसूण मसाला भरून भाजी केली. म्हणजे बाईंनी एकही गोष्ट निष्काळजीपणाने केली नव्हती. मसाला इतका झणझणीत की कडवटपणा पहिल्या घासाला कळलाच नाही.

काका जेवायला पहिले बसले होते म्हणून बरं. अर्धा खाल्ला, कडू लागला, बाकीचा ताटात टाकला. आयरिसच्या बल्बात आतडी आणि तोंड होरपळणारी द्रव्यं असतात, सगळ्यात जास्त कंदातच, उलटी जुलाब पोटदुखी होते. जीव जाण्याइतकं सहसा नसतं, पण वय बाहत्तर असलेल्या माणसाच्या बाबतीत असं सहसा म्हणून कोण बसणार. ते लोक मिठाचं पाणी पाजून अजून उलटी काढायच्या तयारीत होते, मी फोनवर अक्षरशः ओरडलो की काही पाजू नका, तोंड धुवा, सरळ डॉक्टरकडे न्या आणि ती भाजी फेकू नका, पातेलं तसंच ठेवा. पाकिटाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता तो मुलाला पाठवला, डॉक्टरला नाव नीट कळलं पाहिजे म्हणून. आणि गाडी काढली.

साताऱ्याहून वाईमार्गे पन्नासेक किलोमीटर. पसरणी घाटात दिवाळीची गर्दी, पुण्या-मुंबईच्या गाड्या, प्रत्येक वळणाला थांबायला लागत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, माझ्या नर्सरीत कळलावीचे कंदही विकतो मी, तिच्यात कोल्चिसिन असतं, त्याने माणूस मरतो, त्या पिशवीत कळलावी असती तर.

पोचलो तोवर मुलगा काकांना घेऊन दवाखान्यात गेला होता. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, नक्की किती पोटात गेलंय आणि घरात लहान मूल आहे का. तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो आणि मोजायला घेतलं. टोपलीतले ३७. पातेल्यातून चमच्याने एकेक काढून ताटलीत मांडले, ११. काकांच्या ताटातला अर्धा उष्टा, तो धरून १२. एकोणपन्नास.

पुन्हा मोजले. पुन्हा एकोणपन्नास. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. सून म्हणाली, चिऊ कुठंय.

चार वर्षांची नात. घरात हाकांवर हाका. कचऱ्याची बादली मी उपडी केली, त्यात नुसती सालं, तपकिरी, जाळीदार. मावशी एकदम पडवीकडे धावल्या. पडवीच्या टोकाला पोरीने भातुकली मांडली होती, काकूंच्या लहानपणीची पितळी, एवढीशी चूल, एवढंसं पातेलं, आणि पातेल्यावर झाकण. मावशींनी झाकण उचललं. आत पन्नासावा बल्ब, गोल, अख्खा, शेंड्याला नुसती नखाची खूण. पोरगी म्हणाली, शिजला नाही अजून. सुनेने तिचं तोंड हात धुतले, जीभ बघितली, काही नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसलो, उभं राहायला होईना.

काकांना डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, सलाईन लावली आणि रात्री ते घरी येऊन मऊभात जेवले. पण त्याआधी दुपारी जे चाललं होतं ते मला जास्त लागलं. जो तो मावशींना बोलत होता, एवढं कळू नये का, कांदा ओळखू येऊ नये का. त्या पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, "सोलताना डोळ्यांस्नी पानी आलं न्हाई तवाच मला इचारायला पायजे हुतं." बरोबर ओळखलं होतं त्यांनी. कांद्याला वास येतो, चिरला की डोळे झोंबतात. आयरिसचा बल्ब कापला तर आत पांढरा, कांद्यासारखाच, पण कांद्याचा वास नाही. एवढं बारीक त्यांच्या हाताला कळलं होतं, फ्रिजमध्ये राहून तिखटपणा गेला असेल असं समजल्या त्या.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे. फ्रिज मावशींचा आणि सांगितलं मी बाकी सगळ्यांना. इंग्रजीत लिहिलं, तेही भिजणाऱ्या कागदावर. मावशी चांगलं मराठी वाचतात, रोज पेपर वाचतात. चार अक्षरं लिहायला मला काय झालं होतं? विषारी, खाऊ नका. झाकणाच्या प्लास्टिक डब्याला भोकं पाडून ठेवले असते तर भिजायचाही प्रश्न नव्हता.

भाऊबीजेनंतर लावायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, फेकून दे ते सगळे. काका म्हणाले, नाही, लाव. आणि मी मावशींना बरोबर घेतलं. लाल मातीत जाड वाळू मिसळून वाफा एक वीत उचलून घेतला, पाणी जराही थांबायला नको, कच्चं शेणखत घालायचं नाही, त्याने सड येते. चार बोटं खोल आणि वर अजून थोडं, म्हणजे १० सेंटिमीटर, शेंडा वर, दोन बल्बांत तेवढंच अंतर, दिवसाचे सहा तास ऊन येईल अशी जागा. रसाने हाताला खाज सुटते म्हणून दोघांनीही हातमोजे घातले. ३७ वाफ्यात गेले. भातुकलीतला मावशींनी स्वतः कुंडीत लावला, शेंड्याला ती नखाची खूण तशीच.

डिसेंबरभर त्यांचे फोन. दादा, दोन पानं झाली. दादा, तिसरं दिसतंय. मी म्हणायचो, पाणी बेतानं, चौथ्याची वाट बघा. जानेवारी संपता संपता वाफ्यातल्या ३१ ना कळ्या आल्या, बाकीचे तीन पानांवर थांबले. निळा रंग, खालच्या पाकळीवर पिवळा पट्टा. एक फूल चार-पाच दिवस टिकतं. ते गेलं की दांडा तेवढा काढायचा, पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, पुढच्या वर्षीचा बल्ब त्यांच्यावरच पोसतो, जुना संपून जातो.

कुंडीतला तीन पानांवरच थांबला. मे महिन्यात उकरला तर जुन्याच्या जागी दोन बारके, बोराएवढे. मावशींनी ते सावलीत वाळवले आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत पडवीच्या खिळ्याला टांगले, मुलांचा हात पुरणार नाही इतके उंच. पिशवीला लाल चिंधी बांधलीये. आता त्या घरात लाल चिंधी म्हणजे खायचं नाही, चिऊला पण माहितीये, सुट्टीला आली की आधी जाऊन बघते आहे का बांधलेली.