कांस्यातील गवा : ओतकाम झाले, एक खूर अपुरा

मेणात गवा घडवायचा, त्याभोवती साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत कांसे ओतायचे, अशा रीतीने मी गव्याची मूर्ती करतो आहे. मागील नोंदीनंतर, ओतण्याआधी, मी मेणातील गव्याची पाठ मोडून पुन्हा घडवली. बैलाचे मांसल वशिंड पाहण्याची सवय असलेला हात नकळत तसाच गोळा घडवतो. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा मात्र मणक्यांवरच्या लांब वाढलेल्या हाडांनी तोललेला असतो, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत डोंगरधारेसारखा जातो आणि तेथे एकाएकी उतरतो. राधानगरी अभयारण्यात (१९५८ साली ते दाजीपूरचे गवा अभयारण्य म्हणूनच घोषित झाले) आडव्या उजेडात उभा असलेला नर पाहिला, तेव्हा ही उतरण मी बोटभर मागे नेली होती हे ध्यानात आले.

मूर्ती ३० सेंटिमीटर लांबीची असून आतून पोकळ आहे. मातीच्या गाभ्यावर ५ मिलिमीटर मेण चढवले, आणि मेण वितळून गेल्यावर गाभा जागचा हलू नये म्हणून त्यात लोखंडी खिळे आरपार बसवले. मेणाचे वजन ४३० ग्रॅम भरले. मेणाच्या वजनावरून धातूचा अंदाज बांधण्याची रीत बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही सांगितलेली आहे; कांसे मेणाच्या सुमारे नऊपट जड असल्याने मूर्तीसाठी चार किलो धरले, आणि ओतवाटा (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) व धातू ओतण्याचा वरचा पेला यांसाठी आणखी दोन किलो घेतले. नव्वद भाग तांबे व दहा भाग कथिल असा मिश्रधातू सुमारे ११०० अंश सेल्सिअसला ओतला.

पाठ उत्तम उतरली. पुढच्या डाव्या पायाचा खूर मात्र अर्धाच भरला. साचा उलटा ठेवल्याने चारही खूर वर होते, म्हणजे हवा साठण्याची जागा तीच, आणि नेमक्या त्याच खुराला हवा सुटण्याची वाट ठेवायला मी विसरलो होतो. खूर वेगळा ओतून टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने धातू वितळवून सांधण्याच्या रीतीने) जोडला. जोडासाठी बाजारची सळई न वापरता कापलेल्या ओतवाटांच्याच पट्ट्या घेतल्या, कारण वेगळ्या मिश्रधातूवर रंग वेगळा चढतो आणि जोड कायमचा दिसत राहतो.

आता छिन्नी आणि कानसकाम चालू आहे. त्यानंतर अंग तापवून गंधकयुक्त द्रावणाने गडद तपकिरी करायचे आहे. गव्याचे पाय गुडघ्यांखाली मोजे घातल्यासारखे पांढरे असतात; ते रंगवणे मला पटत नाही. तेथे धातू घासून उजळ ठेवीन आणि वर मेणाचा पातळ थर देईन.