पट्टीची मागची बाजू

नवव्या दिवशी मी झोपेत पायावर पाय टाकला आणि स्वतःच्याच पोटरीने मला टोचलं. वॅक्सिंग करून नऊ दिवस झाले होते फक्त. सगळ्या जाहिरातींमधल्या बायकांना चार-चार आठवडे पाहायला लागत नाही म्हणे, आणि माझी लव मात्र दुसऱ्या आठवड्यातच हजर.

तीन-चार वर्षं मी याचा दोष वॅक्सला देत होते. हनी झालं, चॉकलेट झालं, ॲलोव्हेरा झालं, मग एक गुलाबी रंगाचं, ज्यात नक्की काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. दर वेळी डबा नवा, वास नवा आणि खुंटं त्याच तारखेला. वासाचा आणि रंगाचा केस निघण्याशी काही संबंध नाही हे कळायला इतके डबे का लागले, देव जाणे.

खरं कारण दिसलं ते बाबांच्या भिंगातून. पेपरातलं बारीक वाचायला ते एक जाडजूड भिंग ठेवतात. एका रविवारी धाकटी बहीण माझे पाय करून देत होती. तिने ओढून बाजूला टाकलेली पट्टी मी उचलली, उलटी केली आणि खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरली.

"ताई, तू वापरलेली पट्टी भिंगातून बघतेयस? शी!"

बघत होते खरी. आणि जे दिसलं ते फार शिकवणारं होतं. काही केसांच्या टोकाला बारीकशी गाठ होती, टाचणीच्या डोक्यासारखी. कुठे पांढुरकी, कुठे काळसर. हे केस मुळासकट आले होते. पण त्यांच्या शेजारीच कितीतरी केस असे होते की दोन्ही टोकांना काहीच नाही. एक टोक निमुळतं, दुसरं सरळ तुटलेलं. मी एका कोपऱ्यातले पन्नास मोजले. एकवीस तुटलेले.

म्हणजे मी पैसे, वेळ आणि वेदना खर्च करून जवळजवळ अर्ध्या केसांचं रेझरचंच काम करून घेत होते. तुटलेला केस त्वचेच्या पातळीला किंवा किंचित खाली थांबलेला असतो. तो चार-सहा दिवसांत डोकं वर काढणारच. मुळासकट आलेल्या केसाला मात्र तळापासून नव्याने सुरुवात करावी लागते, त्याला आठवडे लागतात. वॅक्स किती टिकणार हे बहुतांशी एवढ्यावरच ठरतं: केस उपटला गेला की तुटला.

बहुतांशी म्हणाले, कारण दुसरंही एक कारण आहे आणि त्याला कुठल्याच वॅक्सचा इलाज नाही. अंगावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. प्रत्येक केसाची वाढीची पाळी वेगळी, थांबण्याची वेगळी, गळण्याची वेगळी. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पायावरचा काही महिने वाढून थांबतो. वॅक्स करता त्या दिवशी काही केस त्वचेच्या खाली असतात, बाहेर आलेलेच नसतात. ते पुढच्या आठवड्यात येतात आणि आपल्याला वाटतं की उपटलेलेच परत आले. ही दुसरी फळी असते. म्हणून वर्षानुवर्षं रेझर वापरून पहिल्यांदा वॅक्स करणारीला ते हमखास फसवं वाटतं. चार-पाच आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा नेमाने केलं, मधे रेझर लावला नाही, की मग बरेचसे केस एका वेळी पकडीत यायला लागतात. मी नेमकं उलट करत होते. नवव्या दिवशी टोचलं की रेझर, मग पुन्हा घड्याळ शून्यावर.

(रेझरने केस जाड होतात हे मात्र खरं नाही. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांना ठरलेल्या पद्धतीने दाढी करायला लावून ते केस तपासले होते. जाडी किंवा वेग वाढल्याचं काही आढळलं नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं, इतकंच. तरी माझी आई अजून मानत नाही.)

आता वॅक्स कुठलं. मला विचाराल तर हा प्रश्न "सगळ्यात चांगलं कुठलं" असा नसून "कुठल्या जागेला कुठलं" असा आहे.

पाय आणि हात यांना साधं पट्टीचं वॅक्स. पातळ थर, केसांच्या दिशेने लावायचा, वर कापडाची पट्टी दाबायची आणि उलट्या दिशेला ओढायची. मोठी जागा पटकन होते. पण ते केसांइतकंच त्वचेलाही चिकटतं. त्यामुळे एका जागेवरून एकदाच. राहिलेले दोन-चार केस चिमट्याने काढावेत. तिथेच पुन्हा वॅक्स लावलं की वरची त्वचा सोलवटते.

काखेला आणि बिकिनी लाइनला हार्ड वॅक्स. याला पट्टी लागत नाही. जाडसर थर द्यायचा, एका कडेला पकडायला थोडा जास्त जाड काठ ठेवायचा, आणि त्याची चकाकी गेली पण अजून वाकतंय अशा वेळी तो काठ धरून ओढायचा. हे वॅक्स गार होताना केसाला आवळून धरतं आणि त्वचेला मात्र कमी चिकटतं, विशेषतः आधी तेलाचा अगदी पुसट हात फिरवला असेल तर. राठ, आखूड, खोल मुळाच्या केसांना ही पकड हवी असते. माझ्या काखेत पट्टीच्या वॅक्सने दर वेळी केस तुटायचे आणि वर निळसर डाग राहायचे. एकदा तर आठवडाभर हात वर करताना दातओठ खावे लागले. हार्ड वॅक्सचा तोटा एकच: वेळ चुकली की संपलं. जास्त वेळ ठेवलं की ते ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्याने निघतं, आणि तो तुकडा नखाने खरवडून काढण्यासारखी शिक्षा नाही.

शुगरिंगबद्दल मी फार ऐकलं होतं. साखर, लिंबाचा रस आणि पाणी, बस्स. उरलं तर कोमट पाण्याने धुऊन जातं. गोळा हाताने केसांच्या उलट दिशेला पसरायचा आणि केसांच्या दिशेने झटका द्यायचा, म्हणजे इतर वॅक्सच्या बरोब्बर उलटं. ज्या दिशेने केस बाहेर येतो त्याच दिशेने ओढल्यामुळे तो तुटण्याची शक्यता कमी, असं करणाऱ्या सांगतात आणि एका सरावलेल्या हाताकडून करून घेतलं तेव्हा मलाही ते पटलं. घरी केलं तेव्हा नाही. पहिला पाक कच्चा राहिला, दोन्ही तळहात पोटरीला चिकटले आणि दाराची बेल वाजली. दुसरा इतका पुढे गेला की भांड्यात काच झाली. ज्यांना जमतं त्यांना साष्टांग नमस्कार. राळ असलेल्या वॅक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र हा मार्ग जरूर बघावा. बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते आणि काहींच्या अंगावर तिने पुरळ उठतं.

तयार थंड पट्ट्या, ज्या तळहातात घासून गरम करायच्या, त्यांच्यावर मी दोन ओळींपेक्षा जास्त लिहिणार नाही. प्रवासात हातांच्या मऊ लवेला ठीक. माझ्या पायांवर त्या निव्वळ केस मोडतात.

पण खरं सांगू, या सगळ्यापेक्षा फरक पडला तो ओढण्यात. मी जिच्याकडे काखा करून घेते ती ताई एकदा माझी घरची पद्धत ऐकून हसली आणि म्हणाली, "तुम्ही पट्टी वर ओढता. वर नाही ओढायची, मागे ओढायची." मग तिने माझ्याच हातावर दाखवलं. एका हाताने त्वचा ताणून धरलेली, दुसऱ्या हाताने पट्टी त्वचेला जवळजवळ घासत, एका दमात मागे. आकाशाकडे उपसली की केस मुळाशी वाकतो आणि मोडतो, शिवाय दुखतंही जास्त. मधेच हात थांबला तरी तेच.

दुसरी गोष्ट तिने दाखवली ती दिशा. नडगीवरचे केस खाली जातात हे मला माहीत होतं. पण पोटरीवरचे तिरके, आतल्या बाजूला वळलेले असतात आणि गुडघ्यावर तर चक्क भोवरा असतो. मी सगळीकडे वरून खाली लावून खालून वर ओढत होते. म्हणजे पोटरीवर मी केसांना आडवी ओढत होते, आणि टोचायचं कुठे? पोटरीलाच. काखेत तर केस दोन-तीन दिशांना फुटलेले असतात, तिथे एका मोठ्या पट्टीत काम उरकणारीच्या हाती काख देऊ नये.

मग मी डावा-उजवा प्रयोग केला. तेच वॅक्स, तोच दिवस, तोच हात. डावा पाय बहिणीने जुन्या पद्धतीने भराभर केला. उजव्यावर लहान पट्ट्या, ताणलेली त्वचा, दिशा बघून. डावा अकराव्या दिवशी टोचायला लागला. उजवा विसाव्या दिवशी. मधले नऊ दिवस एका पायात लेगिंग घालून फिरावंसं वाटत होतं.

केसांची लांबीही बघावी लागते. अर्धा सेंटिमीटर तरी हवीच. मी शाळेतली स्टीलची पट्टी लावून बघते. त्याहून आखूड केस वॅक्सच्या पकडीत येत नाही, फार लांब असेल तर गुंततो आणि दुखतो, मग कात्रीने थोडा कमी करावा. हे वाढू देण्याचे दिवस सगळ्यात कंटाळवाणे असतात आणि तिथेच रेझरचा मोह होतो. वॅक्सची उष्णताही तशीच: मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. चटका बसला तर अर्थातच नाही, पण गार झालेलं, घट्ट वॅक्सही वाईट. त्याचा थर जाड बसतो आणि केस उपटण्याऐवजी तोडतो.

एक चूक मात्र पूर्णपणे माझी. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्यावरच्या डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मला ट्रेटिनॉइनचं क्रीम दिलं होतं. ते रात्री लावत असतानाच मी एके दिवशी वरच्या ओठाचं वॅक्स करून घेतलं. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पट्टीबरोबर त्वचा आली. दोन दिवसांनी खपली, आणि खपली पडल्यावर तपकिरी डाग, जो जायला चार महिने लागले. असली क्रीमं त्वचेचा वरचा थर नाजूक करतात. ती चालू असताना त्या जागेला वॅक्स नाही म्हणजे नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर त्या बंद केल्यावरही सहा महिने थांबायला सांगतात. रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, पायावर फुगलेल्या शिरा असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हे कुठल्याच डब्यावर पुरेशा मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

नंतरची काळजी थोडक्यात: पहिला दिवस गरम पाणी, घट्ट कपडे, सुगंधी लोशन आणि घाम गाळणारा व्यायाम टाळायचा. दोन-तीन दिवसांनी खरखरीत पंच्याने हलक्या हाताने घासायला सुरुवात करायची, नाहीतर नवा मऊ केस बाहेर न येता आतच वळतो आणि पुटकुळी होते. तुटलेले केस कमी झाले तशा माझ्या पुटकुळ्याही कमी झाल्या. पाळीच्या आधीचे दिवस मी टाळते, तेव्हा दुप्पट दुखतं.

आणि "कायमचे केस कमी होतील" असं वॅक्सबद्दल कुणी सांगितलं तर मान डोलवून विषय बदलावा. कायमचं हवं असेल तर त्याला इलेक्ट्रोलिसिस आहे, म्हणजे बारीक सुईतून वीज सोडून एकेका केसाचं मूळ मारणं, आणि बरेच कमी करायचे असतील तर लेझर, तेही केस गडद असतील तर. हनुवटीवर किंवा पोटावर अचानक राठ केस यायला लागले असतील तर आधी हार्मोन तपासून घ्या, वॅक्स नंतर.

कॅलेंडरवर मी आता दोन अक्षरं लिहिते, 'पा' आणि 'का'. मागच्या खेपेला पाय सव्विसाव्या दिवशी टोचले. काखा सोळाव्याच दिवशी. ताई म्हणते अजून दोन खेपा रेझर लावू नका, मग बघा. रेझर सध्या बहिणीच्या कपाटात आहे, आणि चावी तिच्याकडे.