सडा राखायचा तर पैसे कुठून आणायचे?

मुंबईत नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, हे आमच्या राजापूरकडे बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून बाजारात, लग्नात, एसटीच्या रांगेत एकच प्रश्न येतो: "काका, मुंबईत बिल्डर टीडीआर विकत घेतात ना? आम्हांला आमचा सडा विकायचा नाही, पण पोरांच्या शिक्षणाला पैसा लागतो. तसला टीडीआर इथे मिळेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. टीडीआर म्हणजे आपल्या जागेवर न केलेल्या बांधकामाचा हक्क, जो विकून दुसऱ्या जागी वापरता येतो. आणि सडा म्हणजे आपल्या कोकणातलं जांभ्या कातळाचं पठार.

आज मिळत नाही. पण मिळायला हवा, आणि मनावर घेतलं तर मिळू शकतो.

आधी एक भीती दूर करतो. टीडीआर म्हटलं की जमीन सरकारजमा झाली असं लोक धरून चालतात. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार बऱ्याचदा तसंच घडलं. रस्त्यासाठी, मैदानासाठी आरक्षित असलेली जागा महापालिकेला द्यायची, रोख रकमेऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते बिल्डरला विकायचं. तो त्यावर उपनगरात मजले चढवतो. पण मुंबईतच वारसा इमारतींची रीत वेगळी आहे. इमारत मालकाकडेच राहते, तिथे न वापरता आलेलं बांधकाम तेवढं दुसरीकडे जातं. आपल्याला सड्यासाठी ही दुसरी रीत हवी.

शेतजमिनीवर हे करून दाखवलं अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीने. १९८० साली त्यांनी सुमारे ९३,००० एकरांचा पट्टा शेतीसाठी राखला. तिथे २५ एकरांना एकच घर बांधता येतं. मात्र मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून त्याला दर ५ एकरांमागे एक बांधकाम हक्क विकायची मुभा दिली. हक्क विकला तरी जमीन त्याचीच. तो पेरतो, गुरं चारतो, पुढे मुलांच्या नावावर करतो. पैसे देतो तो शहराकडे जास्त घरं बांधणारा बिल्डर, सरकारी तिजोरी नाही.

आता आपला सडा. मे महिन्यात बघितलात तर काळा, तापलेला कातळ, चप्पल काढवत नाही. महसुलाच्या कागदावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी जमीन. तोच गौरी-गणपतीच्या दिवसांत जाऊन बघा: कातळाच्या खळग्यांत पाणी, त्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, कडेने पांढरे गेंद. जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पाऊस पितो आणि ते पाणी खाली वाडीतल्या विहिरीला, वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या मळ्याला, पोफळीला मिळतं. वर जेसीबी लावून सपाटी केली, चिऱ्याच्या खाणी पाडल्या, खडीचे रस्ते टाकून बिगरशेती प्लॉट पाडले, की त्या पाण्याची वाट मोडते. प्लॉट घेणारा वर्षातून दोनदा येतो. टँकरची वाट बघत बसते ती खालची वाडी. मला याचा मनापासून राग येतो, आणि तो प्लॉट विकणाऱ्या शेतकऱ्यावर नाही. त्याच्यापुढे दुसरा गिऱ्हाईक कधी उभाच राहिला नाही.

तो दुसरा गिऱ्हाईक आणायचा कुठून, हीच खरी अडचण. हक्क विकायला माल पुष्कळ आहे, घेणारा हवा. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा वाढत्या गावांत ठरावीक जागा नेमून द्याव्या लागतील, जिथे सड्याचा हक्क घेतला तरच वरचे मजले मिळतील. आज बिल्डर प्रीमियम भरून वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, सरकारकडून घेऊ शकतो. तीच वाट स्वस्त राहिली तर शेतकऱ्याच्या दारात कोण येईल? आणि जागा नेमताना नदी बघा. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आपण पाहिलंय. पूररेषेत मजले वाढवून सडा वाचवणं मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. पुण्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ८ टक्के टीडीआर देऊ केला, तो जमीनमालकांना अगदीच तोकडा वाटला. सडा पोटखराबा म्हणून त्याला असाच किरकोळ भाव लावला, तर प्लॉटवाल्याचं फावेल.

कायद्याचा भाग त्यामानाने सोपा आहे. हक्क विकला गेला याची नोंद सातबाऱ्याच्या इतर अधिकारात कायमची झाली पाहिजे, म्हणजे उद्याचा खरेदीदार फसणार नाही आणि फसवणारही नाही.

अवघड आहे ते घरातलं. सामाईक सातबारा. आजोबांच्या नावाखाली काका, आत्या, त्यांची मुलं, कोणी डोंबिवलीत, कोणी विरारला, दोघे वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही. अशा उताऱ्यावर ना टीडीआर मिळेल, ना प्लॉटचा सरळ व्यवहार होईल. उलट एखाद्या चुलत्याचा हिस्सा स्वस्तात घेऊन दलाल आत शिरतो, आणि मग सगळेच विकून मोकळे होतात.

म्हणून योजना येईल तेव्हा येईल, तोवर कोणाचाही विसार घेऊ नका. वारसनोंदी लावा, मोजणी करून घ्या, सड्यावरचे झरे आणि खळगे कोणत्या गट नंबरात येतात ते लिहून काढा आणि सडा राखण्याच्या मोबदल्यात विकास हक्क मिळावा असा ठराव ग्रामसभेत मांडा. ठरावाचा मसुदा मी लिहून देईन. रविवारी सकाळी मी घरीच असतो. सातबारा आणि आठ-अ घेऊन या, आणि जमलं तर मुंबईच्या चुलत्यांनाही फोनवर घ्या.