मोरचूद आणि पसरट काचपात्र

दरवर्षी जूनमध्ये प्रयोगशाळेच्या खरेदीची यादी तयार होऊ लागली की क्रिस्टलायझिंग डिशच्या, म्हणजे द्रावणातून स्फटिक वाढवण्याच्या पसरट काचपात्राच्या, ओळीवर कोणाची तरी पेन्सिल थांबते आणि "बीकर आहेत की भरपूर, मग ही कशाला?" असा प्रश्न हमखास येतो. गेली कित्येक वर्षे मी महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेते आहे. या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पात्र दिसायला अगदी साधे असते. सपाट तळ, उभ्या पण बुटक्या भिंती आणि काहींना ओतण्यासाठी लहानशी चोच. आम्ही वापरतो त्याचा व्यास 14 सेंटिमीटर आहे, तर 250 मिलिलिटरच्या बीकरचा साधारण 7. व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो. बीकरमध्ये सहा-सात सेंटिमीटर खोल राहणारे द्रावण या पात्रात जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर भरते. पाण्याची वाफ पृष्ठभागावरूनच होत असल्यामुळे सगळा फरक इथेच पडतो. मिठागरात समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत पसरून ठेवतात, तेही याच कारणासाठी. शिवाय स्फटिक तळावर एकमेकांवर न चढता सुटे वाढतात आणि चिमट्याने अलगद उचलता येतात. बीकरच्या तळाशी मात्र त्यांचा एकच गठ्ठा होतो.

आमचा नेहमीचा प्रयोग मोरचुदाचा, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचा. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 32 ग्रॅम मोरचूद विरघळतो आणि 80 अंशांना सुमारे 84 ग्रॅम, त्यामुळे गरम संपृक्त (आणखी विरघळणार नाही इतके भरलेले) द्रावण निवले की विरघळलेल्यापैकी निम्म्याहून अधिक मोरचूद बाहेर येतो. तो भराभर बाहेर आला तर निळी वाळू मिळते आणि सावकाश आला तर स्फटिक मिळतात. म्हणून द्रावण गाळून पात्रात ओतल्यावर मी त्यावर टाचणीने भोके पाडलेला गाळणकागद झाकते आणि पात्र कोणाचा धक्का लागणार नाही अशा कपाटात ठेवते. पृष्ठभाग मोठा असणे हा या पात्राचा गुण खरा, पण मोठा स्फटिक हवा असेल तर त्याच गुणाला कागदाने आवर घालावा लागतो, हे विद्यार्थ्यांना हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळावर तिरप्या कडांचे, गडद निळे, काचेसारखे चकचकीत स्फटिक दिसू लागतात. त्यांतला एक निर्दोष निवडून ताज्या संपृक्त द्रावणात बीज म्हणून ठेवायचा आणि रोज उलटायचा, कारण काचेला टेकलेल्या बाजूला द्रावण पोहोचत नाही आणि ती बाजू वाढत नाही. द्रावण भिंतीवरून वर सरकत जाऊन काठावर निळी खरपुडी धरते. ते टाळण्यासाठी काठाच्या आतून व्हॅसलिनचे बारीक बोट फिरवले की पुरते.

हे पात्र आचेवर ठेवण्यासाठी नाही. काही वर्षांपूर्वी घाईच्या दिवशी मी स्वतः ते जाळीवर ठेवून खाली बर्नर लावला. तळ आणि भिंत मिळतात त्या वळणावर बारीक आवाज होऊन चीर गेली आणि पाच दिवस जपलेले द्रावण कडप्प्यावरून वाहू लागले. प्रयोगशाळेतल्या भांड्यांची बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, तरीही एका जागी एकदम लागलेली आच तिलाही सोसत नाही. तापवायचे ते बीकरमध्ये तापवावे आणि मग पात्रात ओतावे.

1848 मध्ये पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी सोडियम अमोनियम टार्टरेट या क्षाराचे उजवे आणि डावे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, स्फटिक चिमट्याने एकेक करून वेगळे केले आणि रेणूंनाही उजवे-डावेपण असते या विचाराची सुरुवात झाली. त्यासाठी स्फटिक डोळ्यांना ओळखता येतील एवढे मोठे आणि सुटे व्हावे लागले. या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक सुमारे 27 अंशांच्या खालीच वेगवेगळे पडतात; मे महिन्यात तिशीच्या वर गेलेल्या आमच्या प्रयोगशाळेत ते मिळाले नसते. पात्राइतकीच ते ठेवण्याची जागाही महत्त्वाची आहे, हे मी वर्गात याच उदाहरणाने सांगते.

धुण्याबद्दल मी फार आग्रही आहे. तारेची घासणी किंवा भांड्यांची पूड लावली की काचेवर ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखड्यावर बारीक स्फटिक धरू लागतात. स्फटिक पडतच नसतील तेव्हा आपण काचेच्या कांडीने मुद्दाम भिंत घासतो, ती याचसाठी. पण एक मोठा स्फटिक हवा असताना हेच ओरखडे प्रयोग बिघडवतात. मऊ स्पंज, कोमट पाणी आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी एवढे पुरे. उरलेले निळे द्रावण बेसिनमध्ये ओतायचे नाही, कारण तांबे पाण्यातल्या जिवांना घातक असते. ते बाटलीत भरून पुढच्या तुकडीसाठी ठेवावे.

यंदाच्या यादीत मी 14 सेंटिमीटरची चार पात्रे लिहिली आहेत. तळाला ओरखडे पडलेली जुनी दोन आता बर्फाच्या बाथसाठी वेगळी काढून त्यांवर तशी चिठ्ठी लावली आहे.